डाव्या खांद्याची चांदमारी

पोलीस ॲक्शन झाली अन् त्याच्या मागून मी झालो, आई असंच सांगायची, निजाम गेला अन् किसन आला. आमचं गाव लासूर स्टेशनच्या पल्याड, शेती व्हती, सगळे रानात राबायचे, तसा मी बी राबायचो. अन् मी जन्माचा डावरा. आईनं हातावर उलथनं मारून मारून मला उजव्या हातानं जेवायला शिकवलं, मास्तरनं मारून लिव्हायला शिकवलं, शिकलो बाबा, पण गोफण काय उजव्या हातानं फिरली नाय. मी उजव्यानं धोंडा मारला की ज्वारीवरची पाखरं उडायची बी नायत, बसून ऱ्हायची. डाव्यानं मारला की ढग उठावा तशी उठायची.

पुढं पोलिसात भरती झालो, औरंगाबादला. तवा थ्री नॉट थ्री रायफल, लाकडी दस्त्याची, वजनाला भारी, अन् धक्का असा की खांदा काळानिळा व्हायचा. शिकवायला एक उस्ताद व्हते, माणूस कडक. पहिल्याच चांदमारीला, म्हंजी नेमबाजीच्या सरावाला, मी पालथा पडलो, दस्ता डाव्या खांद्याला लावला, तर पाठीत बुटाचं टोक बसलं. उस्ताद म्हणले, सलामी डाव्या हातानं ठोकतो का रे? मंग रायफल कशी डावी? काय सांगू तुम्हाला, उजव्या खांद्यानं माझी गोळी टारगेट सोडून मागच्या मातीच्या ढिगाऱ्यात जायची, अन् तिकडून लाल झेंडी हलायची, फुकट गेली म्हणून. ती लाल झेंडी बघून बघून डोळे दुखले माझे.

माझ्यासंगं शहागंजचे हमीदभाई व्हते, हवालदार, मला थोरल्या भावासारखे. एक दिवस उस्ताद चहाला गेले अन् हमीदभाई म्हणले, अब लगा तेरे हाथ से, देखूं. मी डावा खांदा लावला. त्या रायफलीचा गोळी भरायचा बोल्ट उजव्या अंगाला, उजव्या हातानं मारणाऱ्यासाठी केलेला, पण मी पुढं धरलेल्या उजव्या हातानंच बोल्ट ओढायचो, दस्ता खांद्यावरून हलू द्यायचो नाय. गोळ्या अशा बसल्या की सगळ्या छेदांवर एक भाकरी झाकावी. हमीदभाई म्हणले, अरे ये तो तेरा हाथ हैच, छुपाता कायको?

तिथून ठरवलं, छपवायचं नाय.

स्पर्धा आली, लांबलांबच्या तुकड्या आल्या. नियम वाचून दाखवला, रायफल उजव्या खांद्यालाच लावायची, तिचा पट्टा दंडाला गुंडाळायचा नाय, अंगात खाकी वर्दीच पायजे. ऐकलं सगळं. अन् पडलो की लावला डावा खांदा. पंच पळत आले, उठ म्हणले. मी उठलो नाय. उठ म्हणतोय ना, म्हणले. आता गोळ्या संपल्याबगर उठतो व्हय मी? सगळ्या संपवल्या, मंगच उठलो. टारगेट आणलं तर त्या दिवशी माझ्यापुढं कुणी नव्हतं, अन् पंचांनी माझे सगळे गुण कापले. बाद.

मोठ्या साहेबांपुढं उभं केलं. साहेब म्हणले, नियम माहीत व्हता ना? म्हणलं व्हय साहेब. मंग? म्हणलं साहेब, दरोडेखोर बंदूक घेऊन समोरून आला तर त्याला थांब म्हणू का, जरा खांदा बदलतो म्हणून? साहेबांना हसू आलं, तोंड फिरवलं त्यांनी, पण मला संघातून काढलं ते काढलंच, अन् खजिन्याच्या पहाऱ्यावर धाडलं. घरी बायको म्हणली, मारा की उजव्यानं, काय जातंय तुमचं? म्हणलं कौसे, उद्यापासून तू भाकरी डाव्या हातानं थाप, मी उजव्यानं मारतो.

आता आमच्यात दरबार भरतो, म्हंजी साहेब समोर बसतात अन् शिपायानं आपली तक्रार मांडायची. मी दर दरबाराला उभा ऱ्हायचो. साहेब, डाव्या खांद्याला परवानगी पायजे. साहेब बदलले, किती बदलले, माझं तेच. मी उठलो की मागून हसू यायचं, अन् सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो रावसाहेब नावाचा शिपाई, माझ्याच बराकीतला. उठला बघा डावरा, म्हणायचा, आता रेल्वे बी डाव्या अंगानं चालवा म्हणंल. सगळी पोरं लोळायची हसून. मी बसायचो नाय. उत्तर घेऊनच बसायचो, अन् उत्तर नाय असंच असायचं.

अन् गंमत बगा, बाकी सगळे नियम बदलत व्हते. पट्टा दंडाला गुंडाळायची परवानगी आली. थ्री नॉट थ्री गेली, आपोआप भरणारी रायफल आली, बोल्ट ओढायचं कामच नाय, म्हणून झटपट गोळ्या मारायचा वेळ कमी केला. कोपराला जाड कापड चाललं, कानात बोळे चालले. रायफल बदलली की नियम बदलायचा, पण माणसासाठी एक ओळ बदलंना. म्हणलं आता तर बोल्टची बी अडचण नाय, तर साहेब म्हणले, गोळीची रिकामी पुंगळी उजवीकडं उडती, डाव्या माणसाच्या तोंडापुढून जाईल, भाजशील. मी बाही वर केली अन् हात दाखवला. हे बगा, हे डाग. सरावाला भाजलोय, मेलो का? कातडं माझं हाय, नियमाचं हाय का?

हमीदभाई तवर रिटायर झालते. शहागंजात भेटले की पयला सवाल, हुआ क्या? म्हणायचो, नाय अजून. तर म्हणायचे, तो बैठना मत.

मंग एका दरबारात साहेबांनी वरून आलेला नवा नियम वाचला. कोणत्याबी खांद्यानं मारता येईल, डाव्या माणसानं रांगेच्या कडेला पडायचं. कुणामुळं बदलला, का बदलला, कुणी सांगितलं नाय. माझं नाव तर कुणी घेतलंच नाय. मी उभा ऱ्हायलो तर साहेब म्हणले, आता काय? म्हणलं काय नाय साहेब, सवय झाली.

तवा माझं वय झालतं, केस पिकले व्हते, डोळ्याला चष्मा. तरी स्पर्धेत नाव दिलं. कडंला जाऊन पालथा पडलो, डावा खांदा लावला, नेम धरला. खरं सांगतो, नंबर काय आला नाय. टारगेट धूसर दिसायचं, ज्या वयात मारायची ती वर्षं खजिन्याच्या दारात गेली. पण गोळ्या संपल्या अन् मान वळवून बघितलं, तर माझ्या शेजारी रावसाहेब पडलेला. तोच, हसणारा. दस्ता त्याच्या डाव्या खांद्याला.

मी बघतच ऱ्हायलो. म्हणलं रावसाहेब, तू? तर त्यानं रायफलीवरची नजर काढली नाय. म्हणला, लहानपणी बापानं हात बांधून ठेवला व्हता माझा. मंग उजवाच झालो. तू उठायचास तवा लई राग यायचा तुझा. अन् मारली त्यानं गोळी, गेली मातीत, लाल झेंडी हलली, अन् गडी हसला, पण दरबारात हसायचा तसं नाय.

मी म्हणलं, मार, अजून गोळ्या हायत.

आता चिकलठाण्याला ऱ्हातो लेकाकडं. स्पर्धा असली की जातो बघायला. आता चामड्याची जाकिटं, ती किती जाड असावी त्याचाबी नियम, झेंडी गेली, गोळी बसली की पडद्यावर दिसतं. पोरं-पोरी डाव्या खांद्यानं मारतात अन् त्यांच्याकडं कुणी मान वळवून बी बघत नाय. मला तेच बघायला आवडतं, कुणी बघत नाय ते. सुखी ऱ्हावा म्हणतो मनात, अन् कुणी उठ म्हणलं तर लगेच उठू नका.

परवा दवाखान्यात गेलतो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणल्या, बाबा, उजवा जास्त पिकलाय, आमच्या पद्धतीनं आधी उजवा करायचा. म्हणलं बाई, तुमची पद्धत तुमच्यापाशी. आधी डावा.