आम्हाला काही घाई नाही

सासू : एसी लावायचा नाही, काच उघडावी तर ट्रकचा धूर नाकात. एवढी महागाची विजेची गाडी घेऊन माणसाने घामाने भिजायचं, याला काय म्हणायचं?

सून : रेंज वाचवणं म्हणायचं, आई. थोडा वेळ पदराने वारा घ्या ना.

सासू : आत्ता तो सायकलवाला पुढे गेला आपल्या. वळून हसला माझ्याकडे बघून.

सून : हसू दे. हा आकडा बघा. बावीस. गाडी अजून बावीस किलोमीटर चालेल आणि बाबांचं रिहॅब सेंटर आहे अठरावर.

सासू : मग झालं की. उरलेच चार.

सून : मधे टेकडीचा चढ आहे ना. चढावर ही एका किलोमीटरला तीन-तीन खाते. आणि समजा पोचलो. बाबांना मागे बसवलं, व्हीलचेअर डिकीत टाकली. पुढे? घरी कशावर यायचं?

सासू : तिथे असेल की एखादा प्लग.

सून : विचारून झालंय. बाहेरच्या गाड्यांना देत नाहीत. आई, मला कळतच नाहीये हे कसं झालं. ऑफिसच्या चार्जरवर अकराला आपला नंबर होता. मी हाफ डे टाकून खाली येईपर्यंत अर्ध्याच्या वर भरायला हवी होती. वॉचमनने लावली होती ना गाडी? तुम्ही तिथेच बाकावर बसला होतात.

सासू : बसले होते की.

सून : मग?

सासू : पुढे बघ गं. ट्रकने ब्रेक मारलाय.

(गाडीच्या स्पीकरवर फोन वाजतो.)

मुलगा : अगं, कुठे आहात? सेंटरचा दोनदा फोन येऊन गेला मला. बाबा केव्हाचे तयार होऊन दाराशी बसलेत म्हणे. इस्त्रीचाच शर्ट हवा म्हणून नर्सला तीनदा पिटाळलं.

सून : वाटेतच आहोत रे.

मुलगा : पाचला त्यांचं डिस्चार्जचं काउंटर बंद होतं. लक्षात आहे ना?

सून : आहे.

मुलगा : मग जरा दामट की गाडी.

सून : दामटली तर मधेच बसेल. हळू नेली तर उशीर होईल. तू सांग, काय करू?

मुलगा : म्हणजे चार्ज नाहीये? रोज त्याच रस्त्याने येतेस-जातेस तू, एवढा अंदाज नसतो?

सून : अंदाज आहे म्हणूनच चाळीसने चाललेय. तू दुसऱ्या गावात पंख्याखाली बसून मला अंदाज शिकवू नकोस.

मुलगा : बरं, बरं. आई आहे ना शेजारी? आई, खूश ना? सात आठवड्यांनी बाबा घरी येतायत.

सासू : उकडतंय.

मुलगा : अगं, घर कसं भरल्यासारखं वाटेल आता.

सासू : वाटलंच काल. त्यांच्यासाठी आणून लावलेल्या हवेच्या गादीचा पंप रात्रभर घरघरत होता.

सून : आणि तो गाडीच्याच प्लगला लावला होता, म्हणून घरी चार्जिंग झालं नाही.

मुलगा : सवय होईल गं सगळ्यांना. होईल नीट. पोचलात की लगेच कळवा. बाबांचा स्वभाव माहीत आहे ना.

सासू : त्याला माहीत आहे म्हणे. वर्षातून दोनदा पाहुणा येतो तो. ठेवला का फोन?

सून : ठेवला. आई, वीसवर आली. आता तरी सांगा. वॉचमन विसरला का?

सासू : त्याला काही बोलू नकोस बाई. तो बिचारा आला होता वायर घेऊन. पण मागोमाग तुमच्या ऑफिसातली एक मुलगी आली, तिची गाडी पार बसायला आलेली. पाळणाघरातून बाळाला आणायचं होतं तिला. तोंड एवढंसं झालेलं. तर मी म्हटलं, तुझी लाव.

सून : तुम्ही आपला नंबर देऊन टाकलात?

सासू : दिला.

सून : आजच्या दिवशी?

सासू : ती नको-नको म्हणत होती. मीच म्हटलं, अगं लाव खुशाल, आम्हाला काही घाई नाही.

सून : एकोणीस झाले.

सासू : ओरड ना. आकडे काय वाचतेस?

सून : ओरडून बॅटरी भरते का? आता पेट्रोल पंपाचं वळण येईल. तिथे चार्जर आहे. थांबलो तर तासभर जाईल, काउंटर बंद. नाही थांबलो तर बाबांना घेऊन चढावर अडकायचं. आणि मग ते मागच्या सीटवरून सांगणार, मी आधीच म्हणालो होतो, ही खेळण्यातली गाडी घेऊ नका.

सासू : पाय गेले, आवाज खणखणीत आहे.

सून : आई!

सासू : खोटं बोलले का? तुझ्या गाडीच्या चार्जिंगचं बटण रोज रात्री कोण बंद करायचं? वायरने आग लागते म्हणे.

सून : जाऊ द्या. म्हणून तर ऑफिसात चार्ज करायला लागले.

सासू : आणि त्या बटणाखातर मी दोनदा उठायचे. ते घोरायला लागले की हळूच जाऊन चालू करायचं, पहाटे त्यांच्या आधी उठून बंद करायचं.

सून : तुम्ही? मला वाटायचं, कधी-कधी विसरतात बाबा.

सासू : ते कधी काही विसरलेत का? एकदा सापडले मी. मग आठ दिवस ताटावर बसून एक शब्द नाही. हात नाही हो उगारला कधी, तसं कुणी म्हणू शकणार नाही. नुसतं बघायचे. मी अर्ध्या ताटावरून उठायचे.

सून : मला येताना उशीर का व्हायचा, ठाऊक आहे?

सासू : रेंज वाचवत हळू येतेस म्हणायचीस.

सून : रेंज भरपूर असायची.

सासू : माहीत आहे मला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचीस. गाडी फाटकाशी लावून, दिवा मालवून आत नुसती बसलेली. मी यांना सांगायचे, आज रस्त्यात गर्दी असेल.

सून : कधी बोलला नाहीत ते.

सासू : काय बोलणार? मला चारचाकी असती तर मीही बसले असते.

सून : हसवू नका हो, चढ आलाय समोर. सतरा. सोळा. वळण हेच आहे आई. वळू का सरळ जाऊ? लवकर सांगा, मागचा हॉर्न वाजवतोय.

सासू : वळ.

सून : नक्की? काउंटर बंद होईल.

सासू : वळ म्हटलं ना.

सून : वळले. परत फोन वाजतोय याचा. तुम्हीच बोला आता, मी गाडी चार्जरला लावते.

मुलगा : पोचलात ना?

सासू : नाही रे. पंपावर आलोय.

मुलगा : आता? अगं आई, बाबा आरडाओरडा करायला लागलेत तिथे! ठीक आहे, मी काउंटरवाल्यांना विनंती करतो, सहापर्यंत थांबतील. तासाभरात निघालात तरी—

सासू : नको करूस.

मुलगा : मग उद्या सकाळी? उद्या फुल चार्ज करून जा. तसं सांगू?

सासू : उद्याचंही नको सांगूस.

मुलगा : म्हणजे? आई, फोनची रेंज जातेय का? नीट ऐकू येत नाहीये. अगं, तू आहेस ना तिथे? आई काय म्हणतेय?

सून : त्यांनाच विचार. ऐक नीट.

मुलगा : आई?

सासू : तिथली बिलं भरत जाऊ, भेटायला रोज येत जाईन, हिच्याबरोबर. त्यांच्या आवडीचं करून आणीन, शर्टांना इस्त्री करीन. पण मला ते घरी नको आहेत, बाळा.