सी प्लस प्लसमधलं घर

अगं, त्या परीक्षेच्या मॅडमचं तुला सांगितलंच न्हाई का? अंबाजोगाईला कॉलेजात सी प्लस प्लस, म्हंजे कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची भाषा, नवीनवी आलती. प्रॅक्टिकलला सगळ्यांनी बँकेच्या खात्याचा प्रोग्राम लिहिला. मी खिडकीबाहेर बघत बघत एक घरच लिहीत बसले. गच्ची, झोपाळा, पुस्तकांची खोली.

बाहेरून तपासायला आलेल्या मॅडम माझ्या कॉम्प्युटरपुढं थांबल्या.

“स्वयंपाकघर कुठंय?”

“न्हाई ठेवलं, मॅडम.”

आता नापासच, असं वाटलं.

“क्लास आणि ऑब्जेक्ट यात फरक काय?”

“क्लास म्हंजे घराचा नुसता नकाशा. ऑब्जेक्ट म्हंजे त्यावरून उभं केलेलं घर. तशी घरं कितीबी करता येतात.”

मॅडम स्क्रीनकडं वाकल्या. मग हळूच म्हणल्या, “मग आणखी एक कर. माझ्यासाठी.”