टप निघणारा की पक्का?

...नाही, पण यात माझं काय चुकलं ते सांगा. आता भाजी आणायला निघालो तरी लोक पिशवी धरून थांबवतात, "सर, टपाचं काय ठरलं?" परवा तर दाढीला बसलो होतो, वस्तरा गळ्यावर, आणि तो न्हावी विचारतोय, "सर, निघनारा का पक्का?" आता वस्तऱ्याखाली माणूस काय बोलणार? मी नुसत्या भुवया हलवल्या. त्यातनं त्यानं काय अर्थ काढला देव जाणे, पण संध्याकाळपर्यंत कोपरगावभर झालं की सरांचा कल निघणाऱ्याकडे आहे.

आणि प्रश्न काय होता, तर एवढाच. टप निघणारा की पक्का?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. माझा मुलगा धवल. अमेरिकेत असतो, टेक्सासला, अकरा वर्षं झाली. एकटाच असतो, लग्नाचा विषय काढला की तिकडचं नेटवर्क जातं. आणि इकडे मी एकटा. शोभा, म्हणजे माझी बायको, गेली त्याला तीन वर्षं झाली. ती होती तोवर कसं होतं, फोन मी उचलायचो, तो म्हणायचा, "बाबा, बरे आहात?" मी म्हणायचो, "बरा आहे, देतो आईला." संपलं. चौतीस वर्षं शाळेत बोललो, त्यातली अठरा मुख्याध्यापक म्हणून, अख्खा तालुका माझ्या आवाजाला घाबरायचा, पण स्वतःच्या मुलाशी माझं बोलणं एवढंच. मग ते मायलेक तासभर बोलायचे, आणि जेवताना ती मला सांगायची, धवलनं नोकरी बदलली, धवलला सर्दी झालीय, धवल तिकडे पोळ्या करायला शिकला. मला वाटायचं मी मुलाशी बोलतोय. ती गेल्यावर कळलं की मी फक्त बातम्या ऐकत होतो.

आता फोन द्यायला कुणी नाही. तरी पोरगं गुणी, दर रविवारी सकाळी साडेसहाला फोन. "बाबा, बरे आहात?" "बरा आहे." "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." "जेवलात?" अरे, सकाळचे साडेसहा वाजलेत, कसलं जेवण? पण म्हटलं पोरानं विचारलंय, नाही कशाला म्हणा, "जेवलो." मग दोघंही गप्प. मग, "बरं बाबा, ठेवतो." चार मिनिटं. घड्याळ लावून बघितलंय मी. त्यातली दीड मिनिटं नुसती गप्प बसण्याची, आणि मग सोमवार ते शनिवार घरात मिक्सर लावला तरच काय तो आवाज.

आणि एका रविवारी हा म्हणतो, "बाबा, एक विचारू?" म्हटलं नोकरी गेली. तर म्हणतो, "गाडी घेतोय. स्पोर्ट्स गाडी, दोनच सीटची. तिच्यात दोन प्रकार येतात. एकीचं छप्पर उचलून काढून ठेवता येतं, एकीचं पक्कं असतं. तुम्हाला काय वाटतं?"

तुम्हाला काय वाटतं! या मुलानं जन्मात मला हे विचारलं नव्हतं हो. इंजिनिअरिंगला जाताना आईला विचारलं, अमेरिकेला जाताना आईला विचारलं, मी आपला पेपर वाचत बसलेलो, शेवटी सही करायला पेन काढून द्यायचो.

आता खरं सांगतो, उत्तर माझ्याकडे त्याच क्षणी तयार होतं. पक्का घे. दोन शब्द. माझं आयुष्य स्कूटरवर गेलं, तिला टपच नव्हता, भिजण्याचा मला पुरेपूर अनुभव. पण म्हटलं शरच्चंद्र, तू 'पक्का घे' म्हणालास की हा 'बरं बाबा, ठेवतो' म्हणणार, आणि पुढच्या रविवारी परत गोळ्या. म्हणून मी घसा खाकरला आणि म्हणालो, "असं घाईनं सांगता येणार नाही. चौकशी करतो." तर तो काय म्हणावा? "चालेल, मी मंगळवारी फोन करतो." मंगळवारी! रविवार सोडून मंगळवारी! मी त्या दिवशी दोन वेळा अंघोळ केली, इतकं काही सुचेना.

आता चौकशी करतो म्हटल्यावर ती करायला नको? नगर-मनमाड रस्त्याला मच्छिंद्रचं दुकान आहे, टेम्पोचे हूड शिवतो, ताडपत्री, रेक्झीन, सगळं. माझा विद्यार्थी, दहावीला गणितात मी त्याला काठावर पास केला होता, त्याची जाण अजून ठेवून आहे. मी विचारलं, "मच्छिंद्र, गाडीचं छप्पर निघणारं बरं की पक्कं?" तर त्यानं सुई खाली ठेवली. "सर, पयलं म्हंजी टप म्हना. छप्पर गोठ्याला असतंय. आन दुसरं म्हंजी, जे निघतंय ते गळतंय. ह्ये लिहून ठिवा." मी म्हटलं, "अरे, अमेरिकेची गाडी आहे, रबर चांगलं असेल." तर म्हणतो, "पान्याला अमेरिका कळत न्हाई, सर. बसा हितं."

आणि बसवलं की हो मला! मागं एक जुनी जीप उभी होती, तिला त्यानं स्वतः शिवलेला निघणारा हूड, नवा कोरा. मी आत, आणि हा वरनं पाण्याची बादली घेऊन. "सर, आलं का पानी?" "नाही." दुसरी बादली. "आता?" "नाही रे." तिसरी ओतली, आणि जे आलं ते थेट माझ्या चष्म्यावर, मग कॉलरीतनं आत, सत्तरीचा माणूस हो मी, जीपमध्ये बसून थंडगार पाण्यानं भिजतोय आणि वरनं माझा विद्यार्थी आनंदानं ओरडतोय, "बघा! म्या काय म्हनलो?"

मंगळवारी हे धवलला सांगितलं. आणि तो हसला. नुसतं 'हं' नाही, पार श्वास लागेपर्यंत हसला, मध्येच म्हणतो, "बाबा, तुम्ही आत बसलात कशाला?" मीही हसलो. बावीस मिनिटं फोन चालला. ठेवल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी शोभाच्या फोटोला म्हणालो, "बघ, मीपण बोलतो."

मग मी शिस्तीत कामाला लागलो. वही केली. एका फोनला एकच प्रश्न, जास्त नाही, एकदम दोन काढले तर पुढच्या वेळी काय विचारणार? पहिल्या पानावर गळती. दुसऱ्या पानावर वजन. "धवल, पक्क्या टपाची गाडी वजनाला कशी?" तर म्हणे हलकी असते, आणि वळणावर अंग आखडून चालते, पिळवटत नाही. मी लिहून घेतलं. तिसऱ्या पानावर, काढलेला टप ठेवायचा कुठं? म्हणे डिकीत. "मग बॅगा?" "बॅगा नाही बसत मग." "अरे, मग गावाला जाताना?" तर म्हणाला, "गावाला कुठं जाणार, बाबा?" मी पान उलटलं.

चौथ्याला ऊन. "तुमच्याकडे उन्हाळ्यात किती असतं?" "चाळीसच्या वर." मी म्हटलं, "अरे, मग चाळीस इथं काय वाईट होतं?" तोही हसला, मीही हसलो, पण जरा बेतानं.

आमच्या शेजारी भागवत. बत्तीस वर्षं एसटी चालवली त्यानं. त्याला म्हटलं, तूही मत दे. तो म्हणतो, "सर, टप काढून ठिवला तर टपावर बसनारांनी काय करायचं?" मी म्हटलं, "अरे, ती दोन माणसांची गाडी आहे, टपावर कोण बसतंय?" तर खरोखर काळजीत पडला. "दोनच? आन येवढी मोठी गाडी? मंग बाकीचे?" मी म्हटलं, "बाकीचे कोण?"

असे सात आठवडे गेले. आठवड्याला दोन फोन, कधी तीन. प्रश्न तोच, टप निघणारा की पक्का? आणि धवल एकदाही कंटाळला नाही, शोरूमवाला थांबायला तयार आहे म्हणायचा. मी म्हटलं काय भला माणूस आहे! इथं ट्रॅक्टर बघायला गेलात आणि दुसऱ्यांदा किंमत विचारलीत तर चहा बंद होतो.

पण वही संपत आली. रंगाचा काही संबंध आहे का, हे विचारून झालं. पक्षी घाण करतात त्याचं काय, हेही विचारून झालं. आणि त्यात भागवत मला म्हणाला, "सर, पोराला किती दिस लटकावून ठिवायचं? एकदाचं सांगून टाका की." ते लागलं मनाला. म्हटलं खरंच, पोरगं माझ्या शब्दाखातर अडून बसलंय आणि मी त्याची गंमत करतोय. पण सांगून टाकायचा धीर होईना. मग आपल्याकडे अडल्या वेळी करतात तेच केलं. साईबाबांपुढे चिठ्ठ्या टाकायच्या, जी निघेल ती बाबांची आज्ञा.

गुरुवारी शिर्डीला गेलो. मंदिराबाहेर भागूबाईचं फुलांचं दुकान आहे, शोभा वर्षानुवर्षं तिच्याकडनंच हार घ्यायची. तिला टपाची सगळी हकिकत सांगितली. भागूबाईनं दुकानातल्या बाबांच्या फोटोपुढे माझ्या दोन चिठ्ठ्या ठेवल्या, हात जोडले, एक उचलली. मी म्हटलं वाच. तिनं वाचलं, "अजून... विचार... करावा." मी म्हटलं, "झालं तर! बाबांचीच इच्छा, आपण कोण?" आणि हार घेऊन निघालो, तर बाईनं दुसरी उघडली. तिच्यातही तेच. अजून विचार करावा.

तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षांत मी कॉपी करणारी किती पोरं पकडली असतील, पण त्यांचं तोंड कसं होत असेल ते मला त्या दिवशी कळलं. भागूबाई चिडली नाही. दोन्ही चिठ्ठ्यांची नीट घडी करून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "मास्तर, लेकाशी बोलायचं हाय ना? मंग बाबाला कशाला मदी घालता? लेकालाच सांगा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन लावला. आजवर मी कधी लावला नव्हता, त्याचं काम मोडेल म्हणून. म्हटलं, "धवल, चूक झाली. पक्का घे, हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. सांगितलं असतं तर तू ठेवला असतास. म्हणून लांबवलं." मला वाटलं गेलं नेटवर्क. मग हळूच म्हणाला, "बाबा, गाडी तर पहिल्याच आठवड्यात घेतली. दारात उभी आहे."

असा राग आला! म्हटलं, "अरे, मग सात आठवडे मला जीपमध्ये भिजवलंस कशाला?" तर म्हणाला, "तुम्ही इतकं विचारत होतात ना, बाबा. घेतली म्हणून सांगावंसं वाटेना."

आता यावर रागवायचं कसं? मी म्हटलं, "बरं. कुठला घेतलास?" "निघणारा." म्हटलं, "शाबास. मच्छिंद्रला सांगत नाही. मग, काढून हिंडतोस की नाही?" तर म्हणतो, "अजून एकदाही नाही काढला." "का? अडकलाय?" "नाही हो. मोठा आहे. एका बाजूनं मी धरला तर दुसऱ्या बाजूनं धरायला कुणीतरी लागतं." मी म्हटलं, "अरे, मग शेजाऱ्याला हाक मार की." म्हणाला, "शेजाऱ्याचं नाव माहीत नाही, बाबा."

मग दोघंही गप्प. पण त्यानंही ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही.

तेव्हा आता कुणी विचारलं तर मीच सांगून टाकतो. घेतला निघणारा, पण आहे तो पक्काच.