एर्मिनिओ बाएस यांच्या नावावरची सरासरी

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या पुएर्तो ओंदो गावच्या महापौर डोन्या फ्रेसिया, व्यासपीठावर विराजमान झालेले पाद्रे आनसेल्मो, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते गाविलानेस बेसबॉल क्लबचे मावळते अध्यक्ष डॉन एर्मिनिओ बाएस, आणि इतक्या उकाड्यात टाय बांधून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपल्या सर्वांना या डेल्फिन पेगेरोचा नमस्कार.

मागे मटणाच्या सान्कोचो रश्श्याचं पातेलं उकळतंय, वास माझ्याही नाकात शिरलाय, तेव्हा फार वेळ घेणार नाही. चिटणीस लिसांद्रोने मला दोन कामं दिली आहेत. एक, डॉन एर्मिनिओंसोबत खेळतानाच्या आठवणी सांगायच्या, कारण त्या संघातला इथे बोलावण्यासारखा मीच एक उरलोय म्हणे. दुसरं, हा पडदा ओढून क्लबच्या फलंदाजीच्या विक्रमांचा संगमरवरी फळा उघडायचा. मान मोठा आहे. आभारी आहे.

फळा मी सकाळीच पाहिला. पडद्याखाली डोकं घालून पाहिला, लपवत नाही. सर्वांत जास्त होमरन, उलिसेस. बरोबर. सर्वांत जास्त वेळा तीन चेंडू हुकवून स्ट्राइकआउट, डेल्फिन पेगेरो. हसा, हसा. तेही बरोबर, एकही कमी नको. आणि सगळ्यांच्या वर, सोन्याच्या अक्षरात, क्लबच्या इतिहासातली सर्वोच्च सरासरी: हजारात चारशे अकरा, एर्मिनिओ बाएस.

तर आठवणी. डॉन एर्मिनिओंसोबत खेळतानाची माझी एकही आठवण नाही. कशी असेल? हा माणूस गाविलानेससाठी एक चेंडूसुद्धा खेळलेला नाही!

बसा, लिसांद्रो, बसा. तुम्हीच बोलायला लावलंत ना? मग ऐका आता.

इथे जे पिकल्या केसांचे बसलेत त्यांना सगळं ठाऊक आहे. खाली बघू नका, मी नावं घेणार नाही. तरुणांसाठी सांगतो. ती चारशे अकरा काढणाऱ्याचं नाव सिल्वँ दोर्व्हिल. उसाच्या मळ्यातल्या वस्तीत जन्मला, आई हैतीहून ऊसतोडीला आलेली. अशा पोरांचा जन्म कोण नोंदवतो? इथेच जन्मला, इथेच वाढला, पण कागदावर जन्मलाच नाही. आणि लीगला कागद हवा होता.

आपल्या गावात तेव्हा कागद उसना घ्यायची रीतच होती. लग्नाला जाताना शेजाऱ्याचा सदरा मागावा, तसा. मी स्वतः एक अख्खा मोसम माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा होतो! मळ्याचे मुकादम म्हणजे डॉन एर्मिनिओंचे वडील. क्लबच्या कमिटीवर होते. त्यांचा मुलगा न्यूयॉर्कला मावशीकडे राहायला गेलेला. मुकादम म्हणाले, "आमच्या पोराचा कागद कपाटात नुसता पडलाय. हा घाल अंगावर आणि खेळ. पण खरं नाव काढलंस तर ट्रकमध्ये बसवून सीमेपलीकडे हैतीत टाकतील, लक्षात ठेव." झालं. सिल्वँ मैदानात उतरला तो एर्मिनिओ बाएस होऊन.

आणि काय खेळला हो! डावखुरा. बॅट अशी धरायचा की जणू झोप आलीय. पिचरला वाटायचं, हा गेला. आणि चेंडू उजव्या कुंपणापलीकडे, उसात! शोधायला कुणी जायचं सुद्धा नाही. त्याची आई मादाम क्लोरीस प्रेक्षकांत भुईमूग विकायची. अंतिम सामन्यात त्याने तसाच एक घातला आणि सारं मैदान उठून ओरडायला लागलं, "एर्मिनिओ! एर्मिनिओ!" ती टोपली घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "डेल्फिन, कोण रे हा मेला एर्मिनिओ? मारलं माझ्या पोराने, आणि ओरडताय कुणाच्या नावाने?"

मी म्हटलं, "मावशी, हळू बोल."

नंतर अमेरिकेतल्या मोठ्या क्लबचा माणूस आला. सिल्वँला पाहिलं आणि वेडाच झाला. सही झाली, तिकीट निघालं. व्हिसाच्या खिडकीवर बाई म्हणाली, "एर्मिनिओ बाएस तर न्यूयॉर्कमध्येच आहे. मग तू कोण?" आता बोला! तो कोण हे सांगायची सोयच नव्हती. ज्या कागदाने मैदानात नेलं, त्यानेच दार लावलं. ते लीगच्या कानावर गेलं तसं लीगने त्याला गुपचूप बाहेर काढलं, आणि दुसऱ्या मोसमात आमचा सर्वोत्तम फलंदाज हातात कोयता घेऊन उसात उभा होता. त्याची सरासरी मात्र क्लबने ठेवून घेतली. ती बरी चालली!

मग डॉन एर्मिनिओ परत आले. चांगलं पोट सुटलेलं. बारमध्ये पोरं त्यांना रम पाजायला लागली, "चारशे अकरा" म्हणून पाठीवर थापा मारायला लागली. पहिल्या वर्षी हे हसून म्हणायचे, "अरे, तो मी नव्हे." खोटं कशाला सांगू, म्हणायचे. दुसऱ्या वर्षी नुसतेच हसायचे. त्यानंतर सह्या द्यायला लागले. परवा शाळेत जाऊन मुलांना बॅट कशी धरायची ते दाखवून आले. उजव्या हाताने! अहो, निदान हात तरी बघून घ्यायचा होता!

मी का नाही बोललो? बोललो की. चाळीस वर्षं बोलतोय. तुम्ही म्हणता, डेल्फिनला चढलीय. आज मी पाणी प्यायलोय, पाद्रे साक्षीला आहेत.

काय म्हणालात, डॉन एर्मिनिओ? जरा मोठ्याने म्हणा, मागे ऐकू जात नाही. "माझं नाव घ्यायचं त्याने स्वतः कबूल केलं होतं." हो, केलं होतं. खेळायला मिळावं म्हणून केलं होतं. तुम्हाला म्हातारपणी संगमरवरात कोरावं म्हणून नव्हतं केलं! तुम्ही क्लबला छप्पर दिलंत, दिवे लावलेत, त्याबद्दल टाळ्या घ्या, मीही वाजवतो. पण माणसाचं नाव खाऊन वर ढेकर देता? लाज नाही वाटत?

आणि सिल्वँ मेलेला नाही. तो आत्ता फाटकाबाहेर बसलाय. मीच घेऊन आलो त्याला, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा आहे. पहारेकऱ्याने विचारलं, "आजोबा, ओळखपत्र?" ते आयुष्यात मिळालेलं नाही. "मग नाव सांगा." नाव सांगितलं. "असं कुणी बोलावलेलं नाही," म्हणे. याच्या चारशे अकराचा सोहळा, आणि हाच बाहेर! माझं डोकं फिरलं. तो म्हणाला, "जाऊ दे, डेल्फिन, मी इथे बरा आहे." सोबत नात आहे. त्याने कधी खेळाबद्दल सांगितलं की ती म्हणते, "पुरे, आजोबा, थापा मारू नका. फळ्यावर दुसऱ्याचंच नाव आहे." मी त्याला विचारलं, "तुला काय हवंय रे? फळा बदलून हवाय?" म्हणाला, "फळा राहू दे. कर्ण्यावरून एकदा माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. हिच्यासमोर."

तर डोन्या फ्रेसिया, हा पडदा मी ओढणार नाही. ज्याला ओढायचाय त्याने ओढावा आणि घरी जाऊन आरशात बघावं.

आता आभार. क्लबने बोलावलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, आचाऱ्याने वाट पाहिली, सगळ्यांचा ऋणी आहे. म्हातारा माणूस आहे, जिभेला हाड नाही. बोलण्याच्या भरात कुणाचं उगाच मन दुखावलं असेल तर त्याने पदरात घ्यावं. ज्याचं दुखायलाच हवं होतं, त्याची मी माफी मागत नाही.

माइकला हात लावू नका, लिसांद्रो. कर्णा फाटकावरही लावलाय ना? छान. सगळे उभे राहा. मैदानात राहतात तसे. पाद्रे, तुम्हीसुद्धा.

लक्ष द्या, लक्ष द्या! गाविलानेसकडून फलंदाजीला येतोय डावखुरा, सरासरी चारशे अकरा, सिल्वँ दोर्व्हिल! मादाम क्लोरीसचा मुलगा, सिल्वँ दोर्व्हिल!

फाटकाजवळच्या पोरी, ऐकलंस ना?