बोहनीच्या माणसाशी भांडण नाही

आखरी काम आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून काय केलं म्हणाल तं हरभरे निवडले. संध्याकाळची वेळ, गुढ़ियारीतल्या आमच्या घरापुढं खाटेवर ती बसली, मी खाली पाट्यावर, मध्ये सूप. मले डोळ्यानं कमी दिसते तं मी खडा समजून हरभराच फेकून राहिलो होतो, अन् ती माझ्या हातावर टप्पकन मारे, अजी, तुम्ही नुसते बसा, तुमच्यानं माझं अर्धं दुकान नालीत गेलं. मी म्हणलं, पहिलाच दिवस आहे वं, थोडे कमी भिजव, कोण येते इतके लोक नव्या दुकानात. ती उठली अन् अजून एक वाटी टाकली गंजात, आमच्या मोठ्या पातेल्यात. वरून पाणी, वरून झाकण. हात पुसत म्हणे, उद्या लवकर उठाजा. अन् मीच उठलो, ती नाही उठली.

मले सांगितलं पण नाही तिनं. इतक्या वर्षांत बाजारात मिरच्या आणायले गेली तरी सांगून जाये. मले त्याचा राग आहे, लिहून घ्या तुम्ही, मी काही खोटं सांगत नाही.

तं आता सुरुवातीपासून सांगतो. आमचं मूळ गोंदियाकडचं. बाप रेल्वेत खलाशी होता, बदली होऊन रायपूरले आला अन् गुढ़ियारीत राहिला. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, गेलो म्हणजे काय, बसलो. मग मालधक्क्यावर पोती उचलली. लग्न झालं सिंधूशी, ती नागपूरची, इतवारीतली पोट्टी, जबान निरा तिखट. आल्या आल्या म्हणे, इथले लोक पोहे कसे खातात हो, कोरडे? इथं पोह्यासंग जिलेबी खातात. ती म्हणे, बाप्पा, गोडासंग पोहे! तिच्या माहेरी पोह्यावर तर्री ओततात, हरभऱ्याचा लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, खाल्लं का कान गरम. माझी पाठ पोत्यानं गेली तेव्हा तीच म्हणली, आपण तर्री-पोहे विकू. मी म्हणलं, इथं कोण खाईल. ती म्हणली, खातील, मी पाहते कसे नाही खात.

तात्यापारा मोहल्ल्याजवळ निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, जुन्या दुकानांची एक लाईन होती, टिनाचं छप्पर, मध्ये एक लहानशी जागा आम्हाले मिळाली. पहिल्या दिवशी एका माणसानं प्लेट तोंडाशी नेली अन् ओरडला, काकी, ये क्या डाल दिया, आग है आग! ती म्हणे, भैया, जिलेबी खानी है तो सामने जाओ, यहाँ मर्द लोग खाते हैं. दुसऱ्या दिवशी तो माणूस अजून दोघांले घेऊन आला. तेव्हापासून सगळ्या जगाची ती काकी झाली. मी? मी काकीचा माणूस.

बोहनीचं तिचं मोठं कडक होतं. बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पहिल्या गिऱ्हाईकाचं नाणं ती कपाळाले लावे अन् गल्ल्यात टाके, अन् मग त्या माणसाशी दिवसभर भांडण नाही. तो काहीही बोलो. त्यानं प्लेट फोडली तरी नाही. तिच्या आईचा नेम होता तो, तिनं इथं आणला. अन् काय सांगू तुम्हाला, हा नेम ती माझ्यावर चालवे! रात्री आमचं जर का वाजलं असलं, मी सकाळी गाल फुगवून कांदे चिरून राहिलो असलो, तं ती पहिली प्लेट माझ्याच पुढं ठेवे. घ्या, करा बोहनी. मी म्हणो, मी नाही देत पैसे, माझंच दुकान. ती म्हणे, द्या नाणं. मी खिशातून काढून देवो, ती कपाळाले लावे, झालं! आता दिवसभर बोलता येत नाही. सारी लाईन हसे. समोरचा बांगड्यावाला म्हणे, काका फिर हार गए.

मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली. राजधानी झाली म्हणल्यावर पाहुणे येतील, पाहुणे आले तं राहतील कुठं, म्हणून हॉटेलं पाहिजेत. निगमनं ठरवलं का आमची लाईन पाडायची अन् तिथं मोठी बिल्डिंग बांधायची, वर हॉटेल, खाली दुकानं. जमीन निगमची, बांधणारा ठेकेदार, अन् जुन्या दुकानदारांना खाली जागा. हे सांगायले निगमनं सगळ्यांना बोलावलं, जनसुनवाई म्हणत. आम्ही घाबरलो होतो. सिंधू कामावरून उठून तशीच आली, हात तिखटा-हळदीचे. इंजिनिअर साहेब तरुण होते, नक्शा पसरला मोठा चादरीएवढा. तिनं विचारलं, साहब, इसमें मैं कहाँ हूँ? साहेब म्हणले, यहीं कहीं, दीदी. ती म्हणली, कहीं नहीं, बताओ. अन् जिथं आमची भट्टी होती तिथं नक्शावर तिनं बोट ठेवलं. मैं यहाँ हूँ, अन् बिल्डिंग के बाद भी यहींच रहूँगी. बोट उचललं तं पिवळा-लाल डाग! साहेब डागाकडं पाहून हसले अन् म्हणले, ठीक है, यहीं रहना.

तेवढीच तिची इच्छा होती, दुसरी काही नाही. ना सोनं मागितलं, ना तीर्थ. जिथून भट्टी उठली तिथंच वापस पेटली पाहिजे.

पण साहेबाच्या बोलण्यावर लाईनीतल्या लोकांचा भरोसा नव्हता. एकदा उठवलं का कोण वापस बसवते. ठरलं का ज्या दिवशी जेसीबी येईल त्या दिवशी सारेच आडवे बसायचे, अन् सगळ्यात पुढं काकी. तिचीच जबान चाले ना. ती म्हणली, बसते, पण पहाटे भट्टी पेटवीन, पोहे काय उपाशी ठेवायचे?

अन् तिथंच घोटाळा झाला. सकाळी सकाळी, लोक अजून दात घासून राहिले होते, एक माणूस आला, गमछा डोक्याले, इथल्या बोलीत आईले दाई म्हणतात तसं म्हणे, दाई, भूख लागत हे, कुछु हे का? तिनं प्लेट दिली, वर तर्री ओतली, त्यानं खाल्ली, नाक पुसलं, नाणं दिलं, तिनं कपाळाले लावलं. मग तो म्हणला, अब मशीन लाथौं, म्हणजे आता मशीन आणतो. जेसीबीचा ड्रायव्हर तो! रामखिलावन नाव.

बांगड्यावाला डोकं धरून बसला. काकी, ये तुम क्या कर दीं! ती नाणं हातात घेऊन उभी. मी म्हणलं, अवं, एक दिवस तुझा नेम बाजूले ठेव, दुकान चाललं आपलं. ती म्हणली, कायले? आज मी बोहनीच्या माणसाशी भांडीन तं उद्या कोणत्या तोंडानं नाणं कपाळाले लावू? अन् स्टुलावर जाऊन बसली. बायांनी तिले काय काय म्हणलं, मी सांगत नाही. एकीनं तं म्हणलं, काकीले निगमनं फितवलं.

पण गंमत ऐका. रामखिलावनले हे सारं समजलं तं तोच मशीनवरून खाली उतरला. दाई, म्हणे, मोरो बोहनी तो तोरे हाथ ले होगे. मैं तोर दुकान ला कइसे टोरहूँ? म्हणजे त्याचीही बोहनी तिच्याच हातून झाली, आता तिचं दुकान तोडू कसं; त्याच्याकडंही बोहनी मानतात ना, हव! मशीन उभी, ड्रायव्हर बाकावर, म्हणे पहिले साहबला बोलाओ. साहेब जीपमधून उतरले तं काय पाहतात, ड्रायव्हर दुसरी प्लेट खाऊन राहिला अन् सारी लाईन भोवती उभी. रागानं काही बोलणार तं सिंधूनं त्यांच्या हातात प्लेट दिली. तुम भी खाओ. आज मेरा मुँह बंद है, पर इन लोगों का सुन लो.

ती दिवसभर तोंड बंद ठेवून बसली, असा दिवस मी आयुष्यात एकच पाहिला. अन् ती गप होती म्हणून बाकीचे बोलले. बांगड्यावाला बोलला, चप्पलवाला बोलला, बाया बोलल्या. साहेबानं तिथंच उभ्या उभ्या ठरवलं, पहिले समोरच्या मैदानात सगळ्यांना टिनाचे शेड, सामान हलवा, मगच पाडणं. अन् खाली दुकानं देईन, हे त्यांनी सगळ्यांपुढं जोरानं म्हणलं. शेड होईपर्यंत मशीन वापस गेली. वापस आली तेव्हा रामखिलावननं आमची भट्टी आखरी पाडली, अन् सिंधूनं त्यातला मातीचा एक गोळा पदरात बांधून घेतला.

मग काय, वर्षं गेली. खड्डा खोदला अन् ठेकेदार गेला पळून. खड्ड्यात पाणी भरलं, बदकं आली. मी सिंधूले म्हणो, जा, तुझ्या हॉटेलात पाहुणे आले. ती चिडे मस्त. नवा ठेकेदार शोधायले निगमले वेळ लागला, साहेब बदलले, नवे आले, तेही बदलले. जो नवा येई त्याच्याकडं ती डबा घेऊन जाये. पहिले खाओ, फिर बात. तेही नक्शा उघडत, तं तिथं तो डाग! एका साहेबानं शिपायाले विचारलं, हे काय सांडलं? शिपाई म्हणला, सर, यहाँ काकी हैं.

शेवटी बिल्डिंग उभी झाली. वर हॉटेल, काचेचा दरवाजा आपोआप उघडते, दरवान टोपी घालून उभा, आत इतकं थंड का आजारी माणूस मरून जाईल. आम्हाले खाली दुकान मिळालं, मागच्या बाजूनं, जिथं गाड्या लागतात तिथं. मी म्हणलं, हे तं मागं आहे वं. तिनं पावलं टाकून पाहिलं, इकडून तिकडून, जुन्या लाईनीमागच्या पिंपळाच्या झाडाकडं पाहिलं, म्हणे, नाही, इथंच होती. मी मान हलवली. आता खरं होतं का नव्हतं, देव जाणे. ती खूश होती ना. कोळशाच्या भट्टीले परवानगी नव्हती, गॅसच पाहिजे. तिनं मातीचा तो गोळा इतकी वर्षं सांभाळला होता, तो गॅसच्या शेगडीखाली ठेवला. निगमचा माणूस तपासायले आला, ये क्या है काकी? ती म्हणली, नजर न लगे इसके लिए. तोही हसून निघून गेला.

अन् उद्या साऱ्या दुकानांचं एकाच वेळी उद्घाटन, म्हणून ते हरभरे.

ती गेली त्या दिवशी रिबन नाही कापली. एकानंही शटर उघडलं नाही. निगमचे आत्ताचे साहेब घरी आले, बूट काढून खाली बसले, बांगड्यावाला आला, रामखिलावन आला, पार म्हातारा झाला तोही. घाटावर इतके लोक का मले वाटलं कोण मोठा माणूस मेला. मी रडलो नाही. मले राग आला होता. काम सांगून झोपते अन् उठत नाही.

आता दुकान मस्त चालू आहे, तुम्ही खाल्लं ना आत्ताच. तर्री सून करते, प्रकाश, माझा पोट्टा, गिऱ्हाईक पाहते, त्याच्याशी मराठीत बोललो तं हिंदीत जवाब देते, पण पोहे चांगले करते. हॉटेलातले पाहुणे वरचा नाश्ता सोडून खाली येतात, दरवानच त्यांना पाठवते. साऱ्यांचं भलं होवो, निगमचंही, पाडलं तसं बांधलंही. पण ते सांगायचं राहिलंच ना, ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते.

मी उठलो. गंजाचं झाकण काढलं. आदल्या दिवशीच्या गर्दीत कोणीतरी त्यातलं पाणी ओतून टाकलं होतं, तं हरभऱ्यांना मोड आले होते, नखाएवढे, पांढरे. म्हणलं, हे तिनं निवडलेले, हे काय फेकायचे? गंज घेतला, तिचा बटवा घेतला, निघालो. प्रकाश मागं धावला, बाबा, सूतक में दुकान नहीं खोलते, लोग क्या बोलेंगे. मी म्हणलं, दुकान कोण खोलते बे, मी भट्टी पेटवतो.

शटर अर्धंच उचललं, वाकून आत गेलो. शेगडी पेटवली, खाली तिचा गोळा होता. तर्री मी कधी केली नव्हती, तिनं करूच दिली नाही. मीठ जास्त पडलं, तिखट कमी, पण लाल झाली. पोहे वाफवले, एक प्लेट भरली, एकच, वर तर्री ओतली अन् तिच्या स्टुलावर ठेवली. बटव्यातून तिचंच एक नाणं काढलं, कपाळाले लावलं, नव्या गल्ल्यात टाकलं. टन्न आवाज आला, रिकामा होता ना.

म्हणलं, झाली बोहनी सिंधू. आता दिवसभर तुझ्याशी भांडण नाही.