एक रिंग म्हणजे पोचले

हॅलो? … हं, बोल शकू! किती दिवसांनी उगवलीस! … काय? पुरणयंत्र? … हो, आहे ना माझ्याकडे. … आजच पाठवू? होळी कधीच झाली, आता कसलं पुरण घालतेस?

… आवाज का असा? … रागावली नाहीस. बरं. मग तुमच्या विश्रांतवाडीत हल्ली सगळेच असे बोलतात का?

… मी फोन उचलला नाही? कधी? … मागच्या मंगळवारी, दुपारी दोनला? अगं, दुपारी दोनला माझा फोन वाजतच नाही. … बिघडलाय कशाला? सुधारलाय! आमच्या सोसायटीत वर्ग चालतो ना, ‘मोबाइलमधील अपरिचित सोयी’. गोपाळकृष्णराव घेतात. … तेच ते, टेबलखुर्चीलाही अहो म्हणणारे. अकराचा वर्ग, अकरा वाजून एक मिनिटाला दाराला कडी. शेजारची हेमा दोनदा बाहेर राहिली. आता तिला सोयी येत नाहीत, पण वर्गाचे नियम तोंडपाठ आहेत.

… अगं ऐक ना. त्यात एक सोय आहे, ‘व्यत्यय आणू नका’. … मी नाही म्हणत, फोनमध्येच तसं लिहिलंय, मराठीत! आपल्याकडे दारावर पाटी लावतात, ती यांनी आत बसवलीय. एक ते चार एकदम मुका. … बाकीच्या? पुष्कळ. पाठीवर दोन टिचक्या मारल्या की टॉर्च लागतो. कॅमेरा धरला की औषधाच्या बाटलीवरची अक्षरं बोराएवढी होतात. … नाही, मैत्रिणीची चौकशी करायची सोय अजून निघाली नाही. कळला टोमणा.

… दिसला ना! चारला उठले तेव्हा दिसला. ‘मिस्ड कॉल, शकू.’ … अगं, एकच होता म्हणून तर उलट केला नाही! तू सोलापूरला जाणार होतीस ना, बहिणीकडे, मैनाकडे? मला वाटलं, पोचलीस. … असं काय करतेस? एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे निघाले! … विसरलीस? आमच्या वरती लिमयांकडे फोन होता बघ, काळा, क्रोशाचं झाकण घातलेला. उचलायचा नाही, नुसता मोजायचा. मग लिमयेकाकू जिन्यात येऊन ओरडायच्या, ‘मालन, शकू पोचली गं!’ सगळ्या आळीला कळायचं. … कमाल आहे तुझी. चाळीस वर्षं मी रिंगा मोजतेय, आणि तू एका रिंगेवर रुसून बसलीस?

… गेलीच नाहीस? … मग फोन कशाला केला होतास?

… डोळ्याचं ऑपरेशन? कधी? … या शुक्रवारी, तीनला! आणि हे आत्ता सांगतेस, पुरणयंत्राच्या आडून? … बरोबर कोण? … संतोष? तुझा भाचा हिंजवडीहून निघणार कधी आणि पोचणार कधी? … व्हिडिओ कॉलवर हजर राहणार! वा! म्हणजे एका डोळ्याला पट्टी, आणि दुसऱ्याने त्याचं तोंड बघायचं.

… नाहीच घाबरलीस तू. कधीच नाही घाबरत. म्हणून त्या मंगळवारी फोन केलास … हं. … हं. … रडू नकोस. ऑपरेशनच्या आधी चालतं का ते, विचारलंस का डॉक्टरांना?

मी येते. … झोपेचं काय मेलं! एक दुपार मी जागी राहिले तर शनिवारवाडा नाही कोसळत. तू घरून निघालीस की फोन कर, मी इकडून कर्वेनगरहून रिक्षा करते. … मुका असेल, खरंय. … बंद नाही करता येत मला. चालू करायला शिकवलंय, बंद करणं पुढच्या वर्गात. शनिवारी. … अगं, पण यादीतल्या माणसाचा फोन वाजतो. … नाही, तुझं नाव नाही यादीत; वर्गात एकेकच नाव घालून दिलं. … आहे, एकाचं आहे. … गॅसवाल्याचं. … अगं, तो एकदा परत गेला की चार दिवस फिरकत नाही! तू कुठे जातेस?

… शकू? … ठेवू नकोस! … हं.

… आणि दुसरी वाट आहे ना! त्याच माणसाने पंधरा मिनिटांत पुन्हा केला तर वाजतो. फोनला कळतं, निकडीचं आहे. म्हणजे दोनदा कर. दोन म्हणजे निघाले. आपलंच जुनं, त्याला आत्ता सुचलं. … ‘मी कुणाला दोनदा फोन करत नाही’? शाळेपासून तेच! अगं, हा मानापमानाचा … हॅलो? हॅलो?

आपटला. आणि घड्याळात एक वाजला, फोन मुका. आता केला तरी मला कळायचं नाही.

…

हॅलो? … शकू! वाजला गं, वाजला! म्हणजे दोनदा केलास! … काय? पहिला चुकून लागला? … आणि हा? … हाही चुकून. बरं. … हो, आणते पुरणयंत्र. आणि शकू, शुक्रवारी निघताना अशाच दोन चुका कर.