नको ती पगारवाढ

हसू नका, पण मी एकदा पगारवाढ नको म्हणून चक्क अर्ज लिहिला होता. मी तेव्हा खोडाळ्याला प्राथमिक शाळेत मास्तर. नवा वेतन आयोग नुकताच लागलेला. एक सहकारी म्हणाला, "यंदा इन्क्रिमेंट लागलं की तुम्ही इन्कम टॅक्सच्या वीस टक्क्यांच्या टप्प्यात जाणार."

आदल्या वर्षी दहा टक्के होते. म्हणजे चार दिडक्यांच्या वाढीपायी सगळ्या पगारावर दुप्पट कर! घराचं जोतं बांधून झालेलं, आता भिंती कशातून उभ्या करू? रात्रीच बसून अर्ज लिहिला.

दुसऱ्या दिवशी अर्ज खिशात घालून मोखाड्याच्या जीपमध्ये बसलो. बापूस बाजाराला निघालेला, तोही सोबत. वाटेत त्याला सगळं सांगितलं, तर त्याचंही तोंड उतरलं. बाजार सोडून तो पंचायत समितीतही माझ्यामागे आला आणि मी अर्ज पुढे केला. क्लार्कने तो दोनदा वाचला.

"गुरुजी, वीस टक्के सगळ्यावर नसतात. टप्प्याच्या वर जेवढे पैसे जातील, तेवढ्यावरच. खालचं आहे तसंच राहतं."

"नक्की ना? लेखी द्याल?"

तो काही बोलायच्या आत बापूसच म्हणाला, "आरं, भाताच्या खाचराचं तसंच असतं. बांधावरून गेलं तेवढंच पाणी खाली जातं. खाचर काय रिकामं होतं?"

मग माझ्याकडे बघत हळूच विचारलं, "शाळेत पोरांना गणित तूच शिकवतो ना?"

"हो."

"आता मला खरं भ्या वाटतंय."